बाराशेची सवलत

परवा धाकट्या बहिणीच्या नातीचा फोन आला. "आजोबा, माझी फी पूर्ण माफ झाली!" पोरगी इंजिनिअरिंगला आहे. वर्षाला ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी २०२४-२५ पासून महाराष्ट्रात १०० टक्के माफ आहे. त्यात ती बसली. मला एकदम आमची ईबीसी आठवली.

आजच्या मुलांना हा शब्द कळायचा नाही. १९५९ साली, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना ही सवलत सुरू झाली. बापाचं उत्पन्न अमुक रकमेच्या आत असेल तर मुलाची फी माफ, जात कुठलीही असो. मर्यादा आधी वर्षाला ९०० रुपये होती, मग १२०० झाली. आमच्या घरात तिला बाराशेची सवलतच म्हणत. त्याआधी गरिबाच्या पोराला कुणी दाता भेटावा लागे. आपल्याच जिल्ह्यातल्या कौळाण्याचे सयाजीराव गायकवाड बडोद्याच्या गादीवर बसले, आणि १९१३ साली त्यांच्याच शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर अमेरिकेला गेले. पण असा दाता किती जणांच्या वाट्याला येणार? १९५९ नंतर मात्र दात्याऐवजी एक दाखला पुरू लागला.

तो दाखला घेऊन मी १९६८ साली विंचूरहून नाशिकला गेलो. फी माफ झाली आणि मी बी.ए. झालो.

दोन वर्षांनी बहीण मॅट्रिक झाली. मार्क माझ्यापेक्षा जास्त. फी तिचीही माफ झालीच असती. पण राहायचं कुठं, जेवायचं काय? माझ्या खोलीचे आणि खाणावळीचे पैसे भागवतानाच वडील मेटाकुटीला आले होते, कांद्याला भाव आला तर आला. तिचं शिक्षण तिथंच थांबलं. कुणी तिला "नको शिकू" म्हणालं नाही, हे खरं. पण "मी शिकवणी धरतो, तिला येऊ द्या" असं मीही म्हणालो नाही.

पुढं शिक्षक झालो, इतिहास शिकवला, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. ज्यांना खेड्यातली गरिबी नीट ठाऊक होती त्यांनी फीच्या आधी राहण्या-जेवणाचा विचार केला. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहं उभी केली. भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढलं, तिथं सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला. कॉलेज काढलं ते १९४७ साली, आणि तिथंही 'कमवा आणि शिका'. आधी भाकरी, मग फळा!

१९८३ पासून विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजं निघाली आणि फीचे आकडे असे फुगले की खाणावळीचा खर्च बोलण्यातूनच गेला. १९८७ साली कॅपिटेशन फीविरुद्ध कायदा करावा लागला, यावरून काय ते समजा. असो.

नातीला विचारलं, "राहतेस कुठं गं?"

"चौघी मिळून खोली घेतलीय, आजोबा."

तेवढ्यात तिच्या हातून बहिणीनं फोन घेतला. फीबद्दल ती काही बोलली नाही.

"दादा," म्हणाली, "तिथं मेस महिन्याला केवढ्याला पडते, तेवढी चौकशी करशील का?"