हाली, कलदार आणि मिलो



"आमच्या वेळी एवढ्याशा पैशात महिना निघायचा." हे वाक्य कुणी ऐकलं नाही? आजेसासूबाई खोटं बोलत नसतात, पण हिशोब अर्धाच सांगतात.

आपलं मुरुम तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. इथे हाली रुपया, तर पलीकडे सोलापुरात इंग्रजांचा कलदार. ७ हाली दिले की ६ कलदार मिळत. म्हणजे १०० हाली घेऊन सोलापूरच्या पेठेत लुगडी घ्यायला गेलं, तर हातात ८६ सुद्धा पुरते नसायचे. शिवाय सरहद्दीवर करोडगिरीचा नाका! १९४८ नंतरही हाली काही वर्षं चालली. मग १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले आणि १६ आण्यांचा रुपया १०० पैशांचा झाला. म्हणून जुन्या बायकांचा 'रुपया' नक्की कोणता, हे आधी विचारावं.

सासूबाईंच्या पिढीने १९७२ चा दुष्काळ पाहिला. तेव्हा नुसता पैसा असून भागत नव्हतं, ज्वारीच नव्हती. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो यायची, तिची भाकरी थापताना तुटायची. बायका खडी फोडायला, नालाबंडिंगला गेल्या. लेकरं कामावरच्या सुकडीवर राहिली. मे १९७३ मध्ये राज्यभरात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. १० ग्रॅम सोनं तेव्हा २०० रुपयांच्या आसपास होतं, आज लाखाच्या वर आहे. पण खडी फोडणारीच्या हातात २०० रुपये एकरकमी कधी यायचे? उलट अंगावरचं होतं ते मोडलं गेलं. त्या वर्षांनीच राज्याला १९७७ चा रोजगार हमी कायदा दिला.

आता रेशनचं धान्य जानेवारी २०२३ पासून फुकट आहे. गरिबाघरची चूल विझत नाही, पण लातूरच्या क्लासची फी आणि दवाखान्याचं बिल आलं की तेच घर कर्जात जातं. सासूबाईंच्या यादीत ही कलमंच नव्हती. त्यामुळे "तुम्हाला काय कमी आहे" असं त्या म्हणतात तेव्हा सुनेला राग येतो. आणि "तुमच्या वेळी स्वस्त होतं" म्हटलं की त्यांना मिलो आठवते.

घरात जुनी किराण्याची वही सापडली तर नुसते भाव उतरवून घेऊ नका. त्या वर्षी मजुरी किती होती आणि घरात ज्वारी किती पायल्या आली, तेही आजींना विचारून शेजारी लिहा.