रामलिंगाच्या रानातला वाघ आणि शिकारीचे कायदे

धाराशिव जिल्ह्यातील येडशीजवळचे रामलिंगाचे देवस्थान आमच्या बहुतेक वाचकांस निदान ऐकून तरी ठाऊक असेल. बालाघाटाच्या डोंगरात, झाडीने वेढलेल्या खोऱ्यात हे महादेवाचे मंदिर आहे. सीतेला पळवून नेणाऱ्या रावणाशी झुंजता झुंजता जटायू येथेच पडला, अशी या भागातील श्रद्धा असून त्याचे स्थानही तेथे दाखवितात. २०२४ सालच्या डिसेंबरात याच रानात वनखात्याच्या कॅमेऱ्यासमोरून एक पट्टेदार वाघ गेला. यवतमाळकडील टिपेश्वर अभयारण्यातून निघून, शेतेशिवारे व सडका ओलांडीत, साडेचारशे किलोमीटरांहून कमी नव्हे इतकी वाट त्याने तुडविली होती. पुढे त्याला ‘रामलिंग’ असेच नाव पडले.

हाच वाघ शंभर वर्षांपूर्वी आला असता तर त्याचे काय झाले असते, हे सांगावयास ज्योतिषी नको. ज्याने त्यास टिपले त्याचे छायाचित्र निघाले असते आणि कातडे कोणा जहागीरदाराच्या दिवाणखान्यात पसरले असते. आज त्याच्या केसालाही धक्का लावणाऱ्यास तुरुंगाची वाट धरावी लागते. या दोन स्थितींमध्ये जो कायद्याचा प्रवास घडला, तो पाहण्यासारखा आहे.

रानातील जिवांस अभय देण्याची कल्पना आपणांस परकी नाही. अशोकाने राज्याभिषेकास सव्वीस वर्षे झाल्यावर कोरविलेल्या स्तंभलेखात अवध्य पशुपक्ष्यांची यादीच दिली आहे, आणि रान विनाकारण जाळू नये असेही बजाविले आहे. आम्हांस या दुसऱ्या आज्ञेचे अधिक कौतुक वाटते. कारण प्राणी वाचवावयाचा तर त्याचे घर वाचविले पाहिजे, हे त्यात ओघानेच येते. पुढच्या दोन हजार वर्षांत ही गोष्ट पुष्कळदा विसरली गेली.

इंग्रजी अमदानीत पहिला ठळक कायदा १८८७ चा. तो पक्ष्यांपुरता होता. विणीच्या हंगामात नुकतेच मारलेले पक्षी शहराच्या व छावणीच्या हद्दीत विकू नयेत, एवढेच त्याचे सार. १९१२ च्या कायद्याने हात थोडा पसरला. त्यात माळढोक, मोर, तितर, हरणे, रानरेडे, गेंडे यांची यादी असून, ठराविक काळ त्यांची शिकार बंद ठेवण्याचा अधिकार सरकारास मिळाला. या यादीत वाघ नाही! ज्यांची शिकार पुढच्या हंगामातही मिळावी अशा जनावरांचा तो कायदा होता. वाघ हा तर शत्रू, त्यास मारणाऱ्याला बक्षीस.

शिवाय हे कायदे ब्रिटिश हिंदुस्थानापुरते होते. धाराशिवचा मुलूख नळदुर्ग जिल्हा म्हणून १८५३ त इंग्रजांकडे गेला खरा, परंतु १८६० त तो निजामाकडे परतला आणि १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानातच राहिला. संस्थानी रानांत शिकार म्हणजे बहुधा दरबारच्या आणि जहागीरदारांच्या मर्जीची बाब. रयतेने जंगलात पाऊल टाकले की गुन्हा, सरकारी पाहुण्याने टाकले की शौर्य.

येथे एका जमातीची आठवण केल्यावाचून पुढे जाववत नाही. फासेपारधी हे या माळरानांचे जुने जाणते. तितर कोठे उतरतो, काळवीट कोणत्या वाटेने पाण्यावर येतो, हे त्यांच्या पोरांना ठाऊक. बंदूकवाल्या साहेबासाठी कायद्याने परवान्याचा दरवाजा ठेवला. ज्याच्या हाती केसांचा नाहीतर दोरीचा फासा, त्यास मात्र १८७१ च्या कायद्याने सुरू झालेल्या ‘गुन्हेगार जमातीं’च्या सदरात टाकण्यात आले. तो डाग कागदावरून १९५२ साली पुसला गेला. त्यानंतर वीस वर्षांनी वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवाने जवळजवळ संपुष्टात आले. ते योग्यच झाले. परंतु पारध्याच्या पोटाची सोय कोणी केली? राखणीच्या कामात त्याच्याइतका तरबेज मनुष्य दुसरा कोण मिळणार होता, हा प्रश्न आम्हांस अद्याप टोचतो.

१९७२ च्या कायद्याचे मोठेपण असे की त्याने जनावराबरोबर त्याच्या ठिकाणाकडेही पाहिले. अभयारण्य जाहीर करावयाचे, तेथील लोकांच्या हक्कांची जिल्हाधिकाऱ्याने चौकशी करावयाची, मग निर्बंध घालावयाचे, असा त्याचा क्रम. वाघ व माळढोक दोघेही त्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक अभयाच्या पंक्तीत बसले. शेजारच्या सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांत १९७९ साली माळढोकासाठी ८,४९६ चौरस किलोमीटरांचे अभयारण्य झाले. आकडा ऐकून छाती फुलते. परंतु त्यात गावे, बाजार, ऊस, ज्वारी, सगळेच आले. शेतकऱ्याचे जमिनीचे व्यवहार अडले, पक्ष्यावर राग धरला गेला, आणि शेवटी हद्द १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणावी लागली. गवताळ माळास आपण पडीक म्हणत आलो. तो नांगरला गेला, त्यावर झाडे लावली गेली, आणि उघड्या माळावर वाढणाऱ्या त्या पक्ष्याला जागा उरली नाही. आज नान्नजच्या माळावर माळढोक दिसला तर ती बातमी होते.

येडशीचे अभयारण्य याच्या अगदी उलट. १९९७ साली झालेल्या त्या रानाचा विस्तार अवघा बावीस चौरस किलोमीटरांच्या आसपास. वाढत्या वयाच्या नर वाघास एवढे रान म्हणजे ओसरीच! तो बाहेर पडणारच, आणि बाहेर पडला की गुरे मारणारच. ज्याची गाय गेली त्या कुणब्यास अनुसूची कोणती, याचे काय होय? त्यास पंचनामा वेळेवर आणि पैसे हातात हवे असतात. कायद्याने भरपाईची वाट ठेवली आहे; परंतु कचेरीच्या पायऱ्या झिजविताना ती वाट फार लांब होते, हे खेड्यात राहिलेल्या प्रत्येकास माहीत आहे. वाघाचे आयुष्य शेवटी त्या कुणब्याच्या संयमावर अवलंबून असते, तुरुंगाच्या भीतीवर तितके नाही.

पहिल्या अनुसूचीतील जनावर पकडावयाचे तरी राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाची लेखी आज्ञा लागते. तशी आज्ञा झाली. त्यास पकडून सह्याद्रीच्या व्याघ्रप्रकल्पात सोडावे असे ठरले आणि २०२५ च्या आरंभी ताडोब्याकडून पथक आले. बधिर करणाऱ्या बंदुका, कॅमेरे, आमिषाची जनावरे, सगळी सिद्धता होती. आठवड्यांमागून आठवडे लोटले. वाघ आज येडशीच्या झाडीत, तर उद्या बार्शीच्या शिवारात. माग सापडे, पंजा दिसे, कॅमेऱ्यात छबीही येई, पण वाघ काही पथकाच्या हाती लागला नाही.