मुळाबरहुकूम

संगणकीय खेळ निर्मात्याने ज्या स्वरूपात दिला त्याच स्वरूपात खेळावा, हा दंडक खेळाडूंनी प्रारंभापासूनच मानलेला नाही. १९८१ सालच्या ‘कॅसल वुल्फेनस्टाइन’ या खेळातील नाझी सैनिकांच्या जागी स्मर्फ नावाचे निळे बुटके बसवून काही हौशी मंडळींनी १९८३ मध्ये त्याचे रूपच पालटले, आणि ज्याला आज ‘मॉड’ म्हणतात त्या परंपरेचे हे अगदी आरंभीचे उदाहरण मानले जाते. या परंपरेचा इतिहास सांगताना नव्या नकाशांची, नव्या पात्रांची वर्णने पुष्कळ होतात. परंतु परक्याने रचलेला मजकूर मूळ खेळात कसा बसवावा, आणि नकोसा झाल्यास मुळाला धक्का न लावता तो बाहेर कसा काढावा, या विद्येची दखल क्वचितच घेतली जाते.

१९९२ मधील ‘वुल्फेनस्टाइन ३डी’मध्ये नवे नकाशे घालायचे तर मूळ फाइलींवरच लेखणी चालवावी लागे, आणि जपून ठेवलेली प्रत नसेल तर पूर्वस्थितीला परतण्याचा मार्ग उरत नसे. डिसेंबर १९९३ मध्ये ‘डूम’ प्रसिद्ध झाला तेव्हा त्याचे प्रोग्रॅमर जॉन कारमॅक यांनी खेळ चालवणारी यंत्रणा आणि खेळाची चित्रे, ध्वनी, नकाशे यांची सामग्री यांची स्पष्ट फारकत करून ती सामग्री ‘वॅड’ नावाच्या फाइलीत ठेवली होती. खेळाडूने आपली स्वतंत्र वॅड फाइल तयार करून खेळ सुरू करतानाच्या आज्ञेत तिचे नाव जोडले, की तिच्यातील नकाशा मूळ नकाशाच्या जागी उभा राही, आणि नाव वगळले की मूळ खेळ जसाच्या तसा हजर होई. मुळाला हात न लावता त्यावर नवे चढवावे, हे तत्त्व येथे दृढ झाले.

२००२ मध्ये बेथेस्डा या कंपनीने ‘मॉरोविंड’ या खेळासोबत त्याची रचना बदलण्याचे साधनच ग्राहकांच्या हाती दिले, तेव्हा मॉडांची संख्या इतकी वाढली की प्रश्न मुळाच्या रक्षणाचा न राहता मॉडामॉडांतील तंट्यांचा झाला. हाताने मॉड बसवण्याची रीत दिसायला सोपी होती: गुंडाळून आलेली फाइल सोडवायची, तिच्यातील सामग्री ‘डेटा फाइल्स’ या फोल्डरमध्ये ओतायची आणि यादीत प्लगइनच्या, म्हणजे मॉडाचे बदल नोंदवणाऱ्या फाइलीच्या, नावापुढे खूण करायची. परंतु दोन मॉडांनी एकाच नावाचे चित्र आणले, की नंतरचे आधीच्यावर बसे, आणि कोणती फाइल कोणाची याचा दाखला कोठेही उरत नसे. प्लगइनांचा क्रम तर फाइलीवरील तारखेवर ठरे. शेवटी वाचलेल्याचा हुकूम चाले, म्हणून जाणकार खेळाडू त्या तारखाच फिरवून आपल्याला हवा तसा क्रम लावीत.

या अंदाधुंदीवर उपाय म्हणून मॉड मॅनेजर जन्मास आले, आणि त्यांचे काम मूलतः चोख दप्तरदाराचे होते. २००६ च्या ‘ऑब्लिव्हियन’ या खेळासाठी निघालेल्या ‘ऑब्लिव्हियन मॉड मॅनेजर’ने मॉड एका गठ्ठ्यात बांधून, कोणती फाइल कोठे ठेवली याची नोंद राखून, ती नोंद पाहून तो मॉड काढून घेण्याची तजवीज केली. २०११ च्या ‘स्कायरिम’ या खेळाच्या काळात ‘मॉड ऑर्गनायझर’ने पुढचे पाऊल टाकले: प्रत्येक मॉड स्वतःच्या फोल्डरमध्ये पृथक् राहतो आणि खेळ चालू असेपर्यंतच ते सारे एकत्र असल्याचा आभास खेळाला दाखवला जातो, त्यामुळे मूळ फोल्डर अस्पर्शित राहते. पुढे त्याच्याच कर्त्याच्या हातून नेक्सस मॉड्स या संस्थेसाठी ‘व्हॉर्टेक्स’ तयार झाला. तो एकाच फाइलीला डिस्कवर दुसरे नाव देऊन काम साधतो, म्हणून मॉड आणि खेळ सामान्यतः एकाच ड्राइव्हवर असावे लागतात. प्लगइनांचा क्रम लावून देणारे ‘लूट’सारखे सहायकही याच ओघात सिद्ध झाले.

एवढा बंदोबस्त झाल्यावर हाताने मॉड बसवण्याची विद्या कालबाह्य झाली, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. मॅनेजर फाइलींचा जमाखर्च ठेवतो. परंतु खेळाच्या जतन केलेल्या डावात मॉडाने जे पेरून ठेवले असते ते त्याच्या अखत्यारीबाहेरचे असल्यामुळे, मध्येच मॉड काढला तर डाव बिघडू शकतो, आणि त्याचे कारण फाइली कशा वाचल्या जातात हे जाणणाऱ्यालाच उमगते. म्हणून मॉडांच्या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्या नवख्या वाचकाला माझी विनंती आहे की नित्याच्या कामासाठी मॅनेजर अवश्य वापरावा, परंतु पहिला लहानसा मॉड, मूळ खेळाची प्रत बाजूला ठेवून, स्वतःच्या हाताने बसवावा आणि स्वतःच्याच हाताने काढावा.