कराचीला निघालेलं इंजिन

भोंगवलीच्या शिवारात विहिरीवरचं डिझेल इंजिन तुम्ही कितीदा तरी सुरू केलं असेल. वरचा खटका उचलायचा, हँडलला चार-पाच गरके द्यायचे, खटका सोडला की धक्‌ धक्‌. तो ठोका कानात ठेवा आणि डोळे मिटा.

उघडाल तेव्हा 5 ऑक्टोबर 1930 ची रात्र आहे, दोन वाजून गेलेत. खाली फ्रान्स, बाहेर वारा-पाऊस. आर-101 या ब्रिटिश वायुनौकेच्या पोटाखाली लोंबणाऱ्या, शेपटीकडच्या इंजिनघरात तुम्ही उभे आहात. जागा जेमतेम, अंग चोरून घ्या. समोर बिअर्डमोर टॉर्नेडो : आठ सिलिंडर, 585 अश्वशक्ती, वजन दोन टनांहून जास्त. अशी पाच इंजिनं. विहिरीवरचा ठोका मोजता येतो, हे सलग गुरगुरतंय. वास मात्र ओळखीचा.

विमानविद्येत डिझेल कशाला? तर तुमच्याकडच्या उन्हापायी. नौका इस्माइलियामार्गे कराचीला, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यातच निघालीय. तिथे तिच्यासाठी अवाढव्य शेड बांधून तयार आहे. हिंदुस्थानच्या उष्म्यात पेट्रोलची वाफ पेट घेईल, ही साहेबाची धास्ती. म्हणून हे धूड. इंजिनं, सांगाडा मिळून वजन इतकं झालं की नौका मधोमध कापून लांबी 777 फुटांवर नेली आणि वायूची आणखी एक पिशवी घातली. वायू कोणता? हायड्रोजन! शिवाय इंजिन सुरू करायला शेजारी काय बसवलंय बघा : छोटं पेट्रोल इंजिन. धास्तीलाही काही हिशेब असावा की नाही?

शिडीवरून इंजिनवाला बिंक्स उतरतो. पाळीला काही मिनिटं उशीर झालाय; ते आधीच्या पाळीचा आर्थर बेल त्याच्या लक्षात आणून देतो. एवढ्यात पायाखालची जमीन कलते. नौका नाक खाली घालते, सावरते, पुन्हा घालते. घंटी वाजते : वेग कमी करा. बेल इंजिनाचा वेग उतरवतो. गुरगुर विरळ होते, आणि क्षणभर वाटतं, ठोके मोजता येतील.

मग धक्का. पाठोपाठ डोक्यावर सगळा उजेडच. तेवढ्यात वरची पाण्याची टाकी फुटते आणि धबाधबा तुमच्यावर कोसळते. बिंक्स, बेल आणि तुम्ही, नखशिखांत चिंब, बोव्हे गावाजवळच्या अंधारात धडपडत बाहेर पडता.

नौकेत 54 जण होते. अखेर वाचले सहा; त्यातले पाच इंजिनवाले.