आयर्लंडांतील एका एकराचा संसार

स्वतःच्या शेतांत स्वतःपुरतें पिकवावें आणि बाजाराचें तोंड पाहूं नये, ही कल्पना शहरवासीयांना फार मोहक वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत आयर्लंडच्या पश्चिम भागांतील लक्षावधि माणसें याच रीतीनें जगत होतीं. मात्र ती त्यांची हौस नव्हती. शेतांत पिकलेलें ओटचें धान्य खंडापायीं विकलें जाई. उरलेल्या एकदीड एकरांत बटाटा लावावयाचा आणि त्यावर पांचसहा माणसांनीं वर्ष काढावयाचें, असा तो संसार होता.

नांगर-बैल नसलेलें कूळ नुसत्या फावड्यानें उंच वाफे घाली आणि शेणखत व समुद्रकांठचें शेवाळ पसरून ओलसर, निकस जमिनींतहि भरघोस पीक काढी. कष्टकरी पुरुष दिवसाला दहाबारा पौंड बटाटे खाई, जोडीला ताक. आहार एकसुरी खरा, पण निकृष्ट मुळींच नव्हे! साली व बारीक बटाटे डुकराला घालीत आणि तें विकून खंडाची भर करीत. जुलै-ऑगस्टांत मात्र जुना बटाटा संपलेला व नवा निघावयाचा असे. तेव्हां उधारीनें पीठ आणावें लागे. धान्याप्रमाणें बटाटा सांठवून ठेवतां येत नाहीं. त्यामुळें सुकाळाची शिल्लक दुष्काळाच्या उपयोगीं पडत नसे.

१८४५ च्या सप्टेंबरांत बटाट्याच्या पानांवर काळे डाग दिसूं लागले. बुरशीसारख्या एका सूक्ष्म जीवाचा तो रोग. गरिबांच्या वाफ्यांत बहुधा ‘लंपर’ हा एकच वाण असे आणि तो बटाट्याच्या फोडी पुरूनच वाढविलेला; एका झाडास जें बाधे तें सर्वांस बाधलें. १८४६ सालीं जवळजवळ सर्वच पीक बुडालें. भुकेपोटीं बियाणेंहि खाल्लें गेलें, म्हणून १८४७ मध्यें रोग ओसरूनहि पीक अगदींच थोडें आलें.

त्याच वर्षीं कायदा झाला, कीं पाव एकराहून अधिक जमीन ठेवणारास सरकारी मदत मिळावयाची नाहीं. जमीन सोडावी तर पुढें पेरावयाचें कोठें, आणि न सोडावी तर आज खावयाचें काय? ओट व लोणी तर या काळांतहि बंदरांतून इंग्लंडला जातच होतें. सारा दोष बटाट्याच्या माथीं मारणें सोपें आहे. पण खंड भागवून दुसरें कांहीं पिकविण्यास त्या कुळाजवळ जागा होती कोठें?

१८४१ च्या खानेसुमारींत आयर्लंडची वस्ती सुमारें ८२ लक्ष होती. १८५१ मध्यें ती ६५ लक्षांवर आली. सुमारें दहा लक्ष माणसें उपासमारीनें व तापानें दगावलीं, त्याहून अधिक जहाजांनीं परदेशीं गेलीं. पश्चिमेकडील टेकड्यांच्या उतारांवर त्यांच्या वाफ्यांचे वरंबे गवताखालीं आजहि दिसतात.