भरावाखालची माणसे

परभणीहून पूर्णेला जाताना आगगाडीच्या खिडकीतून जरा बाहेर पाहा. रुळांचा भराव शेतांहून उंच असतो आणि कुठे कुठे त्याच्या कडेला जुने खड्डे दिसतात. पावसाळ्यात त्यांत पाणी साचते, म्हशी डुंबतात. भराव घालायला माती लागते, ती अशाच खड्ड्यांतून काढीत.

मनमाडहून परभणी, नांदेडवरून सिकंदराबादेस जाणारा हा निजामी राज्यातला लोहमार्ग १८९९ ते १९०१ या काळात सुरू झाला. १८९९-१९०० सालीच मराठवाड्यात मोठा दुष्काळ होता. भुकेला माणूस मजुरीचा भाव करीत बसत नाही, हे आपणांस सांगायला नको.

दख्खनच्या अशा कामांवर माती-दगडाचे कसब वडारांचे. घरात तेलुगू वळणाची बोली, गावाशी मराठी, आणि बिऱ्हाड काम असेल तिथे. पुरुषाने खणावे, बायकोने पाटी डोक्यावर घेऊन भराव चढावा, पोरांनी हाताखाली राबावे. मजुरी रोजावर नव्हे, मापावर. म्हणून खड्ड्यात मातीचा एक खांब न खणता ठेवीत. त्याच्या उंचीवरून खोली कळे आणि खोलीवरून पैसे ठरत.

पण ठरलेले पैसे हाती पडत का? मुंबई-पुणे मार्गावरचा बोरघाट पाहा. तो १८५६ ते १८६३ या काळात बांधला गेला. १८५९ साली मजुरी थकली, मजूर चिडले, दंगा झाला. १८६० साली अशा तंट्यांसाठी कायदा करावा लागला. १८६१च्या आरंभी तिथे ४२,०००हून अधिक माणसे राबत होती. पटकीने, तापाने, अपघातांनी हजारो दगावली. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९मध्ये वारला. त्याचे आणि पुढे काम तडीस नेणाऱ्या त्याच्या पत्नीचे, ॲलिसचे, नाव इतिहासात आहे. पाटी वाहणाऱ्या बाईचे नाही.

उलट, काही भागांत वडारांवर गुन्हेगार जमातीचा शिक्का बसला. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. महाराष्ट्रात त्यांची नोंद आज विमुक्त जातींत आहे.

गुरुजी, गावाजवळ असा खड्डा असेल तर रुळांपासून दूर राहून मुलांना तो दाखवा. लांबी, रुंदी, खोली यांचा अंदाज करून घनफळ काढायला सांगा. मग एवढेच विचारा: ही माती किती पाट्यांनी वर गेली असेल?