मोफत चार्जिंग सवलत : जुन्या इलेक्ट्रिक गाडीच्या हस्तांतरात

नवी इलेक्ट्रिक मोटार विकताना कंपन्या काही महिने किंवा एखादे वर्ष सार्वजनिक चार्जरवर फुकट चार्जिंग देऊ करतात. ती गाडी दुसऱ्याच्या नावावर झाली की ही सवलत सहसा संपते. अपवाद आहेत, पण ते लेखी असतात. पनवेल तालुक्यातल्या कोनसारख्या ठिकाणी या प्रश्नाला व्यवहारी धार येते. जुन्या मुंबई-पुणे महामार्गालगतच्या या गावाभोवती मोठी गृहसंकुले उभी राहिली आहेत आणि द्रुतगती मार्ग जवळच आहे. संकुलाच्या पार्किंगमध्ये स्वतःचे मीटर नसेल, तर सारी भिस्त बाहेरच्या चार्जरवर राहते. अशा घेणाऱ्यापुढे विकणारा ‘चार्जिंग फ्री आहे’ असे म्हणतो, तेव्हा त्या वाक्याला पैशांत किंमत लागते.

एखादा हक्क कशाला जोडलेला आहे, यावर त्याचे हस्तांतर ठरते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १५७ नुसार गाडी विकली की विमा पॉलिसी नव्या मालकाकडे गेली असे मानले जाते. मात्र ‘नो क्लेम बोनस’ जुन्या मालकाकडेच राहतो, कारण तो त्याने विमा दाव्याविना काढलेल्या वर्षांचा मोबदला असतो. मोफत चार्जिंगची जात या बोनसची आहे. एमजी कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये विंडसर ही इलेक्ट्रिक मोटार बाजारात आणताना एक वर्षाचे मोफत चार्जिंग दिले, ते कंपनीच्या ई-हब अ‍ॅपमधून. टाटा मोटर्सनेही त्या वर्षीच्या सणासुदीत टाटा पॉवरच्या केंद्रांवर सहा महिन्यांची अशीच योजना काढली. चार्जरची केबल जोडल्यावर अ‍ॅपमध्ये लॉगिन, मोबाइलवर ओटीपी, मग वॉलेट किंवा सवलतीची शिल्लक असा क्रम असतो. तिथे ओळख पटते ती खातेदाराची, आणि गाडीचे नाव बदलले म्हणून खातेदार आपोआप बदलत नाही. कोनलाच याचा जुना दाखला आहे. म्हाडाने २०१६ साली येथील घरांची सोडत काढली, तीत गिरणी कामगार किंवा त्यांचे वारसच पात्र होते. हक्क माणसाच्या नावाने आला, घराच्या क्रमांकाने नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की पहिल्या मालकाने गाडीची पूर्ण किंमत मोजली, त्यात चार्जिंगचे पैसेही आले. मग उरलेले महिने विकायचा अधिकार त्याला का नसावा? युक्तिवाद वजनदार आहे, आणि करारात मनाई नसेल तर उरलेला लाभ दुसऱ्याच्या नावे करून मागायला हरकत नाही. पण या योजनांच्या अटी कंपनीच लिहिते आणि लाभार्थी म्हणून बहुधा मूळ खरेदीदारच धरते. शिवाय सहा महिने-वर्षाची मुदत गाडी पुनर्विक्रीला येईपर्यंत बहुतेकदा उलटून गेलेली असते. उरलेच काही, तर हिशेब आठवड्यांचा असतो.

दुसरा आक्षेप टेस्लाचा. जानेवारी २०१७ पूर्वी मागणी नोंदवलेल्या अनेक मॉडेल एस आणि एक्स गाड्यांना सुपरचार्जरवर अमर्याद मोफत चार्जिंग होते आणि ते खासगी विक्रीत गाडीबरोबर जात असे. मग भारतातही तसे का होऊ नये? कारण तिथे सवलत कंपनीच्या नोंदीत गाडीलाच जोडलेली होती. त्यानंतरच्या काळात त्याच कंपनीने ती पहिल्या मालकापुरती ठेवली. त्यामुळे हे उदाहरण आक्षेप घेणाऱ्याच्या फारसे उपयोगी पडत नाही.

तिसरा मार्ग जुगाडाचा : विकणाऱ्याचे लॉगिन किंवा आरएफआयडी कार्ड वापरत राहायचे. ओळखीतल्या व्यवहारात हे सर्रास सुचवले जाते. पण ओटीपी त्याच्या मोबाइलवर येतो, पावती त्याच्या नावाने निघते आणि अटींचा भंग झाल्यास खाते बंद होते. दर वेळी जुन्या मालकाला फोन करून आकडा विचारावा लागणारी सवलत फुकट म्हणवत नाही.

गाडीला खरोखर चिकटलेले लाभ वेगळे आहेत, आणि घासाघीस त्यांच्यावर करावी. महाराष्ट्राच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर चारचाकी ई-वाहनांना पूर्ण टोलमाफी आहे. ती वाहनाच्या प्रकारामुळे मिळते, तिला मालक कितवा हे लागत नाही. मात्र विकणाऱ्याचा फास्टॅग बंद करून आपल्या नावाने नवा घ्यावा लागतो. द्रुतगती मार्गावर मोटारीचा एकेरी टोल एप्रिल २०२३ पासून ३२० रुपये आहे. कोनहून पुण्याला जायला सुमारे १०० किलोमीटर, युनिटला ७ किलोमीटर आणि २० रुपये दर धरला तर वीज २८०-३०० रुपयांची होते. टोलमाफी एकटीच तेवढी बचत देते, आणि ती सहा महिन्यांत संपत नाही. खरेदीचे अनुदान मात्र पहिल्या नोंदणीवेळीच खर्ची पडलेले असते.

बॅटरीची हमी या दोन टोकांच्या मध्ये येते. महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई गाड्यांच्या बॅटरीला पहिल्या खासगी मालकासाठी आजीवन हमी जाहीर झाली, पुढच्या मालकासाठी १० वर्षे किंवा २ लाख किलोमीटर. हमी पुढे जाते, पण कात्री लागून. विंडसरसारखी गाडी बॅटरी भाड्याच्या योजनेत घेतलेली असेल तर सवलतीऐवजी देणेच पदरात पडू शकते. भाडे थकलेले नाही याचा दाखला आधी हाती घ्यावा.

म्हणून कंपनीचा ईमेल किंवा अ‍ॅपमध्ये स्वतःच्या नावावर दिसणारी शिल्लक नसेल, तर मोफत चार्जिंगची किंमत भावात शून्य धरावी. पनवेलच्या एमएच-४६ आरटीओ कार्यालयात मालकी बदलासाठी भरायच्या नमुना २९ आणि ३० मध्ये चार्जिंगच्या सवलतीसाठी रकाना नाही.